राबिघच्या वर्कशॉपमधून: पत्र्याला लेझरने बाक देताना

जेद्दाहहून उत्तरेकडे, तांबडा समुद्र डाव्या हाताला ठेवून दीडेक तास गाडी हाकली की राबिघ लागतं. सौदी अरामको आणि जपानच्या सुमितोमो केमिकलने २००५ साली एकत्र येऊन उभारलेल्या पेट्रो राबिघमुळे हे गाव जगाला माहीत झालं. आजूबाजूला वीजकेंद्रं आहेत, समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत, सिमेंटचा कारखाना आहे. अशा ठिकाणी पत्र्याचं काम कधी संपत नाही. डक्ट, हॉपर, पंपाचे गार्ड, गरम पाइपवरच्या इन्सुलेशनचं क्लॅडिंग असं काही ना काही चालूच असतं आणि शटडाउन लागलं की रात्रपाळीही कमी पडते.

मी हे काम मुंबईत माझगाव डॉक या जहाजबांधणीच्या गोदीतल्या जुन्या प्लेटर मंडळींच्या, म्हणजे जहाजाच्या प्लेटी वाकवणाऱ्यांच्या, हाताखाली शिकलो. आखातात आल्यावर वर्कशॉपमध्ये फायबर लेझरचं कटिंग मशीन आलं आणि कापण्यासाठी आणलेल्या त्याच किरणाने पत्र्याला बाकही देता येतो, हे आम्ही करून पाहिलं. आता साच्यावाचून एखादाच नग हवा असेल तेव्हा ते काम माझ्याकडे येतं. त्यातून जे हाती लागलं ते या धंद्यातल्या मराठी मुलांसाठी लिहून ठेवतो आहे.

१. लेझर पत्रा आखडतो, ताणत नाही.

बाकीचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी.

किरण पत्र्यावरून रेघ ओढत जातो तेव्हा त्या रेघेखालचं लोखंड एकदम तापतं आणि पसरू पाहतं. पण शेजारचा पत्रा गार असतो, तो पसरायला जागा देत नाही. अडकलेलं गरम लोखंड मऊ झालेलं असतं, त्यामुळे ते जागच्या जागी दाबलं जातं आणि किंचित जाड होतं. किरण पुढे गेला की ते गार होऊन आखडतं आणि आता ते मूळच्यापेक्षा आखूड असतं. वरचा थर आखडला आणि खालचा तसाच राहिला की पत्रा किरणाच्या दिशेने वर उचलला जातो. भाजताना पापडाची कड वर वळते, तसंच काहीसं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर दीड मिलिमीटर एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याचा हातभर तुकडा एका बाजूने क्लॅम्पमध्ये पकडा आणि मोकळ्या कडेखाली डायल गेज लावा. किरण फिरत असताना काटा सांगतो की कड खाली चालली आहे, म्हणजे किरणापासून दूर. नवा मुलगा इथे गोंधळतो, उलटं वाकतंय म्हणतो. त्याला थांबवून ठेवायचं. किरण बंद झाला की काटा थबकतो, मागे फिरतो, शून्य ओलांडतो आणि कड वर येऊ लागते. पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवला की काटा स्थिर होतो. वाकण्याचं सगळं काम निवताना होतं.

किती तापमान लागतं, याचा हिशेब धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ हवा. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं तर साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. साध्या एमएसला चहूबाजूंनी पक्कं अडवून ठेवलं तर जेमतेम १०० अंशांच्या वाढीतच ते कायमचं दबायला लागतं. म्हणून रेघ लालभडक करायचा हट्ट नको. पृष्ठभाग वितळून चकचकीत रेघ उमटली तर तो तुकडा मी बाजूला काढतो.

पुण्याच्या तांबट आळीत पातेल्याला आकार देणारा कारागीर याच्या उलट करतो. हातोडीच्या ठोक्याने तांबं पसरतं, पातळ होतं आणि पसरलेला भाग फुगून येतो. दोघांनाही गोलाई मिळते, पण तो मधला भाग वाढवून मिळवतो आणि आपण कड घटवून. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढच्या चुका अर्ध्या होतात.

२. मशीन सुरू करण्याआधी कुठे किती आखडायचं ते कागदावर मांडा.

नळकांडं किंवा शंकू करायचा तर पत्र्याला कुठेच ताणावं-आखडावं लागत नाही. सरळ रेघांवर थोडं थोडं वाकवत गेलं की काम होतं, आणि खरं तर त्यासाठी रोलिंग मशीनच बरं. दोन्ही दिशांना गोलाई हवी असते तिथे लेझरचा कस लागतो. झाकणासारखा फुगवटा, खोगिरासारखा आकार, जहाजाच्या नाळेजवळची प्लेट हे सगळे त्या जातीचे. सपाट पत्रा न ताणता, न आखडता असा आकार घेऊच शकत नाही. जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ साली हे सिद्ध केलं. आमच्या डॉकमधल्या प्लेटर लोकांनी गाउसचं नाव कधी ऐकलं नव्हतं, पण प्लेट वाकवायला गॅसची टॉर्च कुठे फिरवायची हे त्यांना अचूक कळायचं.

नियम असा. फुगवटा हवा असेल तर कड आखडा. खोगीर हवं असेल तर मधला भाग आखडा म्हणजे कड त्या मानाने लांब राहते.

हे आकड्यांत पाहू. ६०० मिलिमीटर व्यासाची गोल चकती घेतली आणि तिला मधोमध ३० मिलिमीटर खोली द्यायची ठरवली, म्हणजे उथळ परातीएवढी. एवढ्यासाठी कडेचा घेर जवळपास १२.५ मिलिमीटरने कमी व्हावा लागतो. सव्वा सेंटिमीटर! कडेकडून मध्याकडे जाणाऱ्या २४ रेघा आखल्या तर प्रत्येक रेघेच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त येतं. पातळ पत्र्यात एका फेरीत एवढं कधीच मिळत नाही. म्हणजे प्रत्येक रेघेवरून किरण पुन्हा पुन्हा न्यावा लागणार, समोरासमोरच्या रेघा आळीपाळीने घ्याव्या लागणार आणि रेघ कडेशी जास्त तापवून मध्याकडे येताना हलकी करावी लागणार. हा हिशेब ज्याने आधी केला तो गिऱ्हाइकाला खरी तारीख देऊ शकतो. बाकीचे ‘उद्या घेऊन जा’ म्हणतात आणि आठवडाभर तोंड लपवतात.

आखडलं की माप घटतं, हेही लक्षात असू द्या. बोल्टची भोकं आणि शेवटची कड आकार आल्यावरच कापायची.

३. जाडी, किरणाचा ठिपका आणि वेग यांचं त्रिकूट जमलं पाहिजे.

कापताना किरण सुईच्या टोकासारखा बारीक लागतो. बाक देताना तो फोकसपासून दूर नेऊन काही मिलिमीटर रुंद करायचा. ठिपका साधारण पत्र्याच्या जाडीच्या आसपास असेल आणि वेग चांगला असेल तर वरचा थर तापतो, खालचा गार राहतो आणि पत्रा किरणाकडे वाकतो. वेग कमी केला तर उष्णता आरपार पोचते. मग वाकणं कमी होतं आणि रेघेचा पट्टाच्या पट्टा आखूड होतो. आधीच्या मुद्द्यातल्या चकतीची कड आखडायला हीच रीत उपयोगी पडते.

तिसरी तऱ्हा घातक आहे. पत्रा अगदी पातळ आणि ठिपका जाडीच्या कितीतरी पट मोठा असला तर तापलेल्या जागी पत्र्याला फुगा येतो. तो वर येईल की खाली जाईल, हे सांगता येत नाही. आधीचा जरासा पोक ज्या दिशेला असेल तिकडे तो पळतो. अशा पत्र्याला आधी हाताने हव्या त्या बाजूला किंचित बाक देऊन ठेवला तर तो ऐकतो.

एर्लांगेनच्या गायगर आणि फोलर्टसेन या जर्मन संशोधकांनी १९९०च्या दशकात या तिन्ही तऱ्हा वेगळ्या करून मांडल्या. त्याआधी १९८०च्या दशकात जपानचे नांबा आणि एमआयटीचे मासुबुची यांनी या वाटेवर पावलं टाकली होती. मासुबुचींच्या डोळ्यांसमोर जहाजाच्या प्लेटी होत्या, हे मला फार जवळचं वाटतं.

कटिंग मशीनवर एक खबरदारी घ्या. पत्र्यापासून उंची राखणारा सेन्सर नोझल पत्र्याजवळ असतानाच चालतो. ठिपका रुंद करायला हेड वर नेलं की तो बंद ठेवावा लागतो. मग कड हळूहळू वर उचलली जात असते आणि हेड आंधळेपणाने फिरत असतं. किती कड उचलली जाईल याचा अंदाज घेऊन आधीच जागा सोडली नाही तर नोझल धडकणार. हवेचा हलका झोत मात्र चालू ठेवा, लेन्स वाचते.

४. निवेपर्यंत माप घेऊ नका.

आमच्याकडे रत्नागिरीकडचे एक चाचा होते. सारी हयात प्लेटी वाकवण्यात गेलेली. कोणी गरम पत्र्यावर फर्मा लावायला गेला की ते हात धरायचे. “अरे बाबा, थांब जरा. पत्रा अजून बोलतोय, त्याचं होऊ दे.” लेझर त्यांनी आखातात आल्यावर पाहिला, पण पहिल्याच दिवशी किरण कुठून न्यायचा ते खडूने आखून दिलं आणि ते बरोबर निघालं.

पहिल्या फेरीत पत्रा सगळ्यात जास्त वाकतो. अंशभर, जमलं तर दोन अंश. पुढे त्याच रेघेवर तेवढंच मिळत नाही, कारण तिथलं लोखंड जाड आणि कडक होत जातं आणि पत्रा अजून गरम असेल तर वरच्या-खालच्या थरांतला तापमानाचा फरकही मरतो. म्हणून दोन फेऱ्यांमध्ये निवायला वेळ द्यायचा. आम्ही दोन नग शेजारी ठेवतो, एक निवतो तोवर दुसऱ्यावर काम.

५. रेघेच्या दोन्ही टोकांवर विश्वास ठेवू नका.

पत्र्याच्या कडेशी एका बाजूला गार लोखंडाचा आधारच नसतो आणि बाहेर पडताना उष्णता साठून राहते. त्यामुळे टोकाशी बाक वेगळा येतो, वाकण्याची रेघही किंचित कमानदार होते. उपाय साधा आहे. कडेजवळ वेग बदला किंवा एका फेरीत डावीकडून सुरुवात केली तर पुढच्या फेरीत उजवीकडून करा.

६. प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा.

स्टेनलेस एमएसपेक्षा दीडपट पसरतो आणि उष्णता फार हळू वाहून नेतो, म्हणून तो पटकन वाकतो आणि तितक्याच पटकन बिघडतो. साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात तो फार वेळ राहिला तर त्याची गंज सोसण्याची ताकद जाते. राबिघसारख्या खाऱ्या हवेत हे लगेच दिसतं. त्यावर खुणा करायला क्लोराइड नसलेलाच खडू घ्या. समुद्रकाठच्या गावात स्टेनलेसचं पहिलं दुखणं क्लोराइडच असतं.

ॲल्युमिनियम आणि तांबं किरण परतवतात आणि उष्णता भराभर पळवतात. तिथे जास्त ताकद आणि जास्त वेग लागतो, वरून ग्रॅफाइटचा काळा थर द्यावा लागतो. हा थर प्रयोगशाळांमध्येही देतात. एमएसवर रोलिंगची काळी खपली असेल तर किरण चांगला शोषला जातो, पण खपली जिथे उडालेली असते तिथे बाक कमी येतो. म्हणून एकतर पूर्ण खपली ठेवा, नाहीतर पूर्ण घासून काढा आणि मग थर द्या. अर्धवट पत्र्यावर सारखा आकार मिळत नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला पत्रा नकोच. जस्त ४२० अंशांना वितळतं, त्याचा धूर छातीत जातो आणि लेप गेला की तो पत्रा इथल्या हवेत फार टिकत नाही.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. प्रेशर व्हेसल, प्रेशर पाइप किंवा उचलण्याच्या हुकाचा भाग असेल तर मंजूर कार्यपद्धती आणि तपासनीस यांच्याशिवाय त्याला उष्णता द्यायची नाही. मग ती लेझरची असो की टॉर्चची. बांधकामातल्या साध्या लोखंडाला ज्योतीने सरळ करतानासुद्धा अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा नियम ६५० अंशांवर जाऊ देत नाही, कडक केलेल्या पोलादाला तर ६००च. आम्ही लेझरने फक्त गार्ड, झाकणं आणि डक्ट करतो.

७. राबिघची हवा मशीनच्या पुस्तकात नसते.

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला सौदीत बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बाहेर उन्हात पडलेला पत्रा हात लावू देत नाही. असा पत्रा थेट मशीनवर घेतला तर सकाळच्या सेटिंगवर दुपारी वेगळा बाक येतो. आदल्या संध्याकाळीच पत्रा आत आणून ठेवायचा.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. तांबड्या समुद्राच्या काठावर उन्हाळ्याच्या रात्री हवेत इतकी वाफ असते की २५ अंशांच्या वस्तूवरही दव धरतं. लेझरचा चिलर नेमका तेवढ्याच तापमानाचं पाणी हेडमध्ये आणि स्रोतात खेळवतो. मग लेन्सवर आणि आतल्या भागांवर थेंब जमतात, किरण सुरू झाला की लेन्स जळते आणि बिल मोठं येतं. मशीनची खोली बंद करून एसी सतत चालू ठेवणं, आधी हवा कोरडी करून मगच चिलर सुरू करणं आणि चिलरचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवणं हे तीन नियम आमच्याकडे दारावरच लावले आहेत. रात्री एसी बंद करून वीज वाचवायची नाही.

८. डोळे गेले की काहीच परत येत नाही.

फायबर लेझरचा किरण साधारण एक मायक्रॉन तरंगलांबीचा असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन थेट पडद्यावर एकवटतो. वेदनाही होत नाही. वेल्डिंगची काच इथे चालत नाही, त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लागतो. कापताना बराचसा किरण फटीतून खाली जातो, बाक देताना मात्र सगळा पृष्ठभागावरच पडतो आणि काही भाग परततो. पत्रा वाटीसारखा वर वळत गेला की ती वाटी परतलेला किरण आरशासारखी एका जागी गोळा करू शकते. सकाळी सुरक्षित असलेली जागा संध्याकाळी सुरक्षित नसते. म्हणून बंद केबिनशिवाय हे काम करायचं नाही. कितीही घाई असली, साहेब कितीही मागे लागले तरी दार उघडं ठेवून किरण सुरू करणाऱ्याला मी मशीनवरून उतरवतो.

९. जिथे प्रेस आहे तिथे लेझर मिरवू नका.

एकाच आकाराचे हजार नग हवे असतील तर साचा आणि प्रेस. गाडीचा दरवाजा प्रेसमध्ये काही सेकंदांत निघतो, तोच लेझरने करायला दिवस जाईल. पण साचा करायला पैसा आणि महिने लागतात. जिथे नग एकच आहे, मूळ कंपनीने तो भाग बनवणं बंद केलं आहे आणि पंप सुरू व्हायचा थांबला आहे, तिथे लेझर उपयोगी. आणि जिथे वेल्डिंगनंतर आलेला पोक काढायचा आहे तिथेही तो अगदी नेमकं काम करतो.

दुसऱ्या टोकाला सूक्ष्म काम आहे. हार्ड डिस्कमध्ये डेटा वाचणारं हेड ज्या चिमुकल्या तुकड्यावर बसतं, त्याचा बाक लेझरने सुधारण्याची रीत आयबीएमने काढली. तिथे हिशेब नॅनोमीटरमध्ये असतो. आपल्याकडे आयआयटी गुवाहाटीत लेझरने पत्रा वाकवण्यावर चांगलं काम झालं आहे. नांगराएवढ्या प्लेटपासून तांदळाच्या कणापेक्षा लहान तुकड्यापर्यंत तत्त्व एकच आहे. जे तापतं आणि अडतं, ते निवताना आखडतं.

१०. वही ठेवा.

धातू, जाडी, खपली की थर, वॉट, वेग, ठिपक्याचा व्यास, कितवी फेरी, निवायला दिलेला वेळ, निवल्यावरचा कोन आणि त्या दिवशीचं खोलीतलं तापमान. प्रत्येक नगासाठी एवढं लिहायचं. कॉम्प्युटरवर नक्कल करून पाहणारी सॉफ्टवेअरं आहेत, ती चांगलीही आहेत, पण तुमच्या पत्र्याचे आणि तुमच्या मशीनचे आकडे त्यांना तुमच्याच वहीतून द्यावे लागतात.

इथे माझ्या मनात माझगाव डॉक येतं. १९७२ साली नौदलात दाखल झालेली आयएनएस निलगिरी ही भारतात बांधलेली पहिली फ्रिगेट तिथेच घडली. तिच्यासारख्या जहाजांच्या नाळेच्या प्लेटी रोलवर एका दिशेला वाकवून, दुसरी गोलाई टॉर्च आणि पाण्याच्या झोताने आणणारी माणसं लालबाग, परळ, माझगाव आणि कोकणातून येत. कुठे पाचरीसारखं तापवायचं, कुठे नुसती रेघ ओढायची, किती पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात होतं आणि काहींच्या छोट्या डायऱ्यांतही होतं. लेझरला आज जे गणित लागतं त्याचा बराचसा भाग त्या डायऱ्यांत आहे. ठिपका बदलला, उष्णता देणारं साधन बदललं, पण कड आखडली की पत्रा फुगतो हे बदललेलं नाही.

तुमच्या घरात असा कोणी निवृत्त प्लेटर असेल तर त्याच्यासमोर बसा, त्याला बोलतं करा आणि लिहून घ्या. त्याची डायरी असेल तर ती रद्दीत देऊ नका. फोटो काढा आणि जवळच्या आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर किंवा फिटर शिकवणाऱ्या सरांकडे पोचवा. आणि आखातात येऊ घातलेल्या मुलांनो, इकामा (राहण्याचा परवाना) आणि पगाराची चौकशी करता तशीच वर्कशॉपमध्ये लेझरची केबिन बंदिस्त आहे का, चष्मे कोणत्या तरंगलांबीचे देतात, हेही विमानात बसण्याआधी विचारा.